पेडल कडक, गाडी मोकळी

सकाळी ७.१५

कोल्हापूरचं उद्यमनगर आठ-साडेआठला जागं होतं. एकदा लेथ फिरायला लागले, ग्राइंडर किंचाळायला लागले, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. म्हणून ब्रेकचं काम असेल त्या दिवशी मी शटर लवकर वर करतो. शू ड्रमला कुठं टेकतोय, बेअरिंगमध्ये खरखर आहे का, हे आधी कानाला कळतं, आणि कानाला शांतता लागते.

आल्या आल्या टेबल आवरायचं. आज दोन ट्रे वेगळे. एकात रॉकेल, हब, नट, बेअरिंग असलं लोखंडी सामान तिथं धुवायचं. दुसऱ्यात स्पिरिट, ज्याचा रबराशी संबंध येणार ते सगळं तिथं. ब्रेक ऑइल हे ग्लायकोलच्या जातीचं रसायन आहे आणि ब्रेकची रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात. त्यांना रॉकेल, पेट्रोल, डिझेल, ग्रीस यातलं काही लागलं की ती फुगतात. आज काम झकास वाटतं आणि काही दिवसांनी चाक जाम होतं. ट्रे बदलायचा नाही, हा आमच्याकडचा एकमेव कायदा आहे. बाकी चहा कधीही प्यावा.

हाताखालचं पोरगं आलं. त्याला पहिलं काम सांगितलं: कंप्रेसरची हवेची गन काढ आणि कपाटात ठेव. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडून हवा मारली की ती भुकटी थेट फुप्फुसात जाते. ओलं फडकं आणि तोंडाला मास्क, एवढंच चालेल. गन समोर दिसली तर हात जातोच, म्हणून कपाट.

७.५०

गाडी आली. १९५४ सालची मॉरिस मायनर, काळी, पुढची काच मधोमध दुभंगलेली, दारामागच्या खांबातून हातासारखे बाहेर येणारे इंडिकेटर. मालक निवृत्त हेडमास्तर. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि याच गाडीतून भुदरगडातल्या वाड्यावस्त्यांवर व्हिजिटला जायचे. सर राजारामपुरीतून इथवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आले, एक हात हँडब्रेकवर ठेवून.

मायनर मला आवडते. ॲलेक इसिगोनिस नावाच्या इंजिनिअरनं ती काढली, १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली, आणि पुढं दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली इंग्लिश गाडी ठरली. तिचा नमुना तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटली, म्हणून त्यानं ती उभी मधोमध कापायला लावली आणि चार इंच रुंद करून पुन्हा जोडली. आमच्या उद्यमनगरातल्या माणसाला शोभेल असं काम! आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं तिचीच ‘बेबी हिंदुस्थान’ काढली होती. अँबॅसडर ही तिच्या थोरल्या बहिणीची, मॉरिस ऑक्सफर्डची लेक.

या गाडीला ८०३ सीसीचं इंजिन आहे आणि चारही चाकांना सात इंची ड्रम. सर्व्हो नाही, बूस्टर नाही. पाऊण टनाची गाडी थांबवायला माणसाचा पाय आणि नळीतलं ऑइल, एवढंच भांडवल. म्हणून या गाडीत कुठंही थोडं कमी पडलं की ते पायाला लगेच कळतं. नव्या गाडीत इंजिनच्या ओढीवर चालणारा बूस्टर पायाची ताकद वाढवून देतो आणि बरीच पापं झाकतो.

८.१०

पान्याला हात लावायच्या आधी चहा आणि चौकशी. सर म्हणाले, “ब्रेक लागत नाहीत.” सगळे असंच म्हणतात. डॉक्टरकडे जाऊन “बरं वाटत नाही” म्हणावं तसं हे झालं. न लागण्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

“सर, पेडल दाबल्यावर मऊ लागतं का? स्पंज दाबल्यासारखं?” तसं असेल तर नळीत हवा. “पहिल्यांदा खोल जातं आणि दोन-तीनदा पंप केलं की वर येतं?” मग शू ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टमेंट हवी. “सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की हळूहळू खाली बसतं?” मग मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या आत ऑइल सोडतंय, नाहीतर कुठंतरी गळती आहे. “गाडी एका बाजूला ओढते?” मग एकाच चाकात घोटाळा. “थोडं चालल्यावर ब्रेक आपोआप धरून राहतात, चाक तापतं?” मग रबरी होज आतून सुजून बंद झालाय; ऑइल जातं पण परत येत नाही.

सर प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत होते. पेडल वर आहे, कडक आहे, बसत नाही, गाडी सरळ थांबते. “थांबते म्हणजे, थांबते एकदाची. उभा राहून पाय देतो मी.”

मग कळलं की आधी एका गॅरेजनं मास्टर सिलिंडर बदलला, दुसऱ्यानं पुन्हा हवा काढली, तिसऱ्यानं नवीन लायनर मारले. मला त्या पहिल्या मिस्त्रीची कणव आली. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या पोटात बसवलेला असतो, आणि त्याचे बोल्ट बाहेर यायच्या वाटेवर टॉर्शन बार आडवा येतो. तो हलवल्याशिवाय सिलिंडर सुटत नाही. पाठ मोडणारं काम आहे. त्यानं ते केलं आणि दुखणं जागच्या जागी राहिलं.

पेडल कडक असूनही गाडी थांबत नाही याचा अर्थ सरळ आहे. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतोय. पोचल्यावर त्याचं काही होत नाही. तेव्हा आता ऑइलच्या नळ्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ड्रममध्ये बघायचं. आमच्या धंद्यात निम्मे पैसे चुकीच्या टोकाला खर्च होतात, कारण टोक ठरवायच्या आधीच पाना हातात घेतलेला असतो.

८.४०

तरीही खात्री हवी. माणसाचं ऐकावं आणि गाडीला विचारावं.

ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला, खालची पत्र्याची झडप काढली, तर मास्टर सिलिंडरचं झाकण दिसलं. या गाडीचं हे एक वाईट आहे. ऑइलची टाकी गालिच्याखाली असल्यानं वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. झाकण उघडायच्या आधी भोवतीची माती नीट पुसायची, नाहीतर ती आत पडते. पातळी ठीक होती, रंग मात्र कोऱ्या चहाचा. ऑइल बदललं होतं की नुसतं वर ओतलं होतं, देव जाणे.

पेडलवर पाय रोवून मिनिटभर धरला. तसूभरही हललं नाही. पोरगं खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून आलं. “मागच्या डाव्या चाकाला ओल हाय, मिस्त्री. पण वास गिअर ऑइलचा येतोय.” शाबास. ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल नाकानं ओळखता आलं म्हणजे पोरगं कामाला लागलं.

९.१०

चाचणी. गल्लीत वीसच्या वेगानं. पेडल दाबलं, अजून दाबलं, पाठ सीटला टेकवून दाबलं. गाडी निवांत पुढं जात राहिली आणि मग थांबली. कुठंही ओढली नाही. हीसुद्धा खूणच आहे. पुढच्या एका चाकात तेल लागलं असतं, एक सिलिंडर जाम असता, तर गाडी एका अंगाला गेली असती. दोन्ही बाजू सारख्याच अशक्त असणं हे आपोआप सहसा होत नाही. ते कुणीतरी केलेलं असतं.

हँडब्रेक ओढून बघितला. मायनरचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. उतारावर गाडी धरून राहिली. म्हणजे मागच्या चाकांचं यंत्र जागेवर आहे.

पुढं टेम्पो आडवा लागला होता, म्हणून गाडी मागं घ्यायला रिव्हर्स टाकला. दहा-बारा फूट गेलो आणि सवयीनं ब्रेकला पाय लावला. गाडी अशी खाडकन थांबली की शेजारी बसलेल्या सरांचा चष्मा नाकावरून खाली आला.

मी पुन्हा पुढं गेलो, मोकळी. पुन्हा मागं, खाडकन. सर माझ्याकडे बघत होते. मी काही बोललो नाही. ड्रम उघडल्याशिवाय बोलायचं नाही.

९.४५

सर रिक्षानं घरी गेले. गाडीच्या मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, पुढून जॅकवर घेतली आणि स्टँडवर उतरवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कुणालाही हात घालू देत नाही, मग ती पाऊण टनाची का असेना.

चाकं काढली. मायनरचा ड्रम दोन छोट्या स्क्रूंवर बसलेला असतो. ते हमखास गंजलेले असतात आणि आधीच्या कुणीतरी त्यांची खाच मोडून ठेवलेली असते. इथंही तसंच होतं. स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हर उभा धरून हातोडीचा एक नेमका ठोका दिला की गंज सुटतो. घाई केली की ड्रिल मारायची वेळ येते आणि अर्धा तास जातो.

१०.३०

पुढचे दोन्ही ड्रम निघाले. ओल्या फडक्यानं भुकटी पुसली. लायनर नवेच होते, जाडीला भरपूर, आणि काचेसारखे चकाकत होते. तेही फक्त मध्यभागी. दोन्ही टोकांना ड्रमचा स्पर्शही झालेला नव्हता.

हे खडूनं पक्कं करता येतं. लायनरवर खडू आडवा फिरवायचा, ड्रम बसवून शू टेकतील एवढं ॲडजस्ट करायचं, एक-दोन फेरे देऊन पुन्हा उघडायचं. जिथला खडू पुसला तिथंच लायनर टेकतो. आमचा खडू जेमतेम एक तृतीयांश पुसला होता. नवा लायनर आणि जुना, झिजून मोठा झालेला ड्रम यांची गोलाई जुळत नाही. पूर्वी लायनर बसवणारे ड्रमच्या मापानं शू घासून द्यायचे. आता रिव्हेट ठोकले की गिऱ्हाईक मोकळं.

एखाद्यानं इथंच थांबून निकाल दिला असता: लायनर नीट बसले नाहीत, घासून घ्या. ते खरंच होतं, आणि ब्रेक थोडे सुधारलेही असते. पण चकाकणारा लायनर गाडी मागं जातानाही तेवढाच चकाकतो. मग मागं जाताना ती खाडकन का थांबते?

११.१५

स्टूल घेऊन उजव्या चाकापुढं बसलो.

मायनरच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात आणि दोन शू. प्रत्येक सिलिंडरच्या एका टोकाला पिस्टन, तो एका शूला ढकलतो. त्याच सिलिंडरचं दुसरं टोक बंद, त्यावर दुसरा शू टेकलेला. म्हणजे प्रत्येक शूचं एक टोक ढकललं जातं आणि दुसरं टेकून राहतं. आता ड्रम फिरतोय. फिरणारा ड्रम जर आधी ढकललेल्या टोकावरून आणि मग टेकलेल्या टोकाकडे जात असेल, तर घर्षण शूला आपल्याबरोबर ओढतं आणि ड्रममध्ये आणखी रुतवतं. पायानं एक जोर दिला, त्यात चाकानं स्वतःची भर घातली. फिरणं उलट असेल तर तेच घर्षण शूला ड्रमपासून मागं लोटतं. तोच पाय, तेच ऑइल, तोच लायनर, आणि पकड निम्मी किंवा तिसरा हिस्सा.

पहिल्या प्रकाराला लीडिंग शू म्हणतात, दुसऱ्याला ट्रेलिंग. त्या काळच्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांना पुढं दोन्ही शू लीडिंग असत, कारण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं येतं आणि बूस्टर तर नसतोच. चाकानं स्वतःच पायाला हातभार लावावा ही त्यातली हुशारी. मागच्या चाकात एकच सिलिंडर असतो, एक शू लीडिंग आणि एक ट्रेलिंग. त्यामुळं मागचा ब्रेक दोन्ही दिशांना सारखा लागतो. हँडब्रेकला उतारावर, चढावर, दोन्हीकडे गाडी धरायची असते ना.

मी बोटानं ड्रमच्या फिरण्याची दिशा धरली आणि शूवरून फिरवली. बोट आधी टेकलेल्या टोकावर आलं, मग पिस्टनच्या. दुसऱ्या शूवरही तसंच. डाव्या चाकाकडे गेलो, तिथंही तसंच. चारही शू ट्रेलिंग.

शू, सिलिंडर, सगळं ज्या पत्र्यावर बसतं ती बॅकप्लेट डाव्या चाकाची वेगळी आणि उजव्याची वेगळी, आरशातल्यासारखी. कुणीतरी डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. गाडीचे पुढचे ब्रेक मागं जाण्यासाठी तयार केले होते म्हणा ना! मागं वाकून होज बघितला तर त्याला पीळ पडलेला, जबरदस्तीनं जागेवर आणलेला. तो होज कधीपासून सांगत होता.

पोरग्याला बसवून बोट फिरवायला लावलं. तिसऱ्या फेरीला त्याच्या तोंडावर उजेड पडला. “म्हणजे मिस्त्री, पेडल कडक आसूनबी...?” व्हय. पेडलला ऑइलचं कळतं, चाक कुठल्या दिशेनं फिरतंय ते कळत नाही.

११.५०

सरांना फोन. “पुढच्या चाकाचं काही मोठं काम कधी झालं होतं का?” बराच वेळ गप्प. मग म्हणाले, स्टिअरिंग खडखडत होतं म्हणून पुढच्या दोन्ही किंगपिन काढून नव्या टाकल्या होत्या. वडील गेले त्याच्या थोडं आधी. ब्रेक तेव्हापासून नरम आहेत का, हे मात्र आठवेना. किंगपिनसाठी बॅकप्लेटा उतरवतात. दोन्ही एकाच वेळी खाली पडलेल्या असल्या, खुणा केलेल्या नसल्या, की हे होतं. बसतात दोन्हीकडे, म्हणून शंका येत नाही.

१२.१०

उतरवाउतरव. होज सोडले, ऑइल बाटलीत धरलं. एक थेंब मडगार्डवर पडला. पोरग्यानं लगेच पाणी ओतलं. ब्रेक ऑइल रंग उकलतं आणि पाण्यात विरघळतं, म्हणून पुसायचं नाही, धुवायचं. हब काढले, प्लेटा काढल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर पंचनं टिंब मारले: डावीला एक, उजवीला दोन. पुढच्या मिस्त्रीवर उपकार.

मागचा डावा ड्रम उघडला. एक्सलचं ऑइल सील गेलं होतं आणि लायनर गिअर ऑइलनं भिजलेला. असा लायनर विस्तवावर भाजून, तेल जाळून पुन्हा वापरायची पद्धत आहे. पेट्रोलनं धुऊनही वापरतात. मी वापरत नाही. तेल आत मुरलेलं असतं. गाडी घाटात तापली की ते पुन्हा वर येतं, नेमकं नको तेव्हा. मागच्या दोन्ही चाकांचे लायनर काढून ट्रकचे शू भरणाऱ्याकडे पाठवले. एकाच बाजूचा नवा टाकला तर गाडी ओढायला लागेल. निरोप दिला: रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत चांगलं खोल बसलं पाहिजे, ड्रमला लागता कामा नये.

१.३०

डबा. भाकरी, वांगं, दही.

२.००

ड्रम घेऊन लेथवाल्या मामांकडे. आमच्या लाइनीत तीन शटर सोडून. उद्यमनगरात धंदा करण्याचं सुख हेच. इथं शाळा न शिकलेल्या माणसांनी ऑइल इंजिनं बनवली, ओतली, शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसवून चालवून दाखवली. म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून इथं आदरानं घेतात. मॉरिसचा ड्रम बघून कुणी डोळे मोठे करत नाही.

मामांनी ड्रम चकात धरला, डायल लावला, हातानं फिरवला. काटा हलला. ड्रम किंचित अंडाकृती झालेला.

“किती घिऊ?”

“नुसतं पुसून घ्या मामा.”

“पुसायला ह्यो लेथ हाय, फडकं न्हवं.”

पण घेतलं पुसल्यासारखंच. ड्रममधलं लोखंड जितकं कमी, तितका तो लवकर तापतो आणि पसरतो. म्हणून गोल होईल एवढंच काढायचं, त्यावर एक फेराही नाही. आणि पुढच्या दोन्ही ड्रमचं आतलं माप एकच ठेवायचं, जोडीनं. दुसरा ड्रम बरा होता, तरी पहिल्याच्या मापाला आणला.

३.००

तोवर पोरग्यानं व्हील सिलिंडर उघडून स्पिरिटनं धुतले होते. बोअर उजेडाकडे धरून बघितले. खड्डे असते तर बदलावे लागले असते किंवा आत स्लीव्ह टाकावी लागली असती. खरवडून गुळगुळीत करण्याचा मोह इथं धोक्याचा, कारण बोअर मोठा झाला की रबर गळतं. नुसता मळ होता. नवी रबरं घातली, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, बोटानं. स्क्रू ड्रायव्हरनं रबर ढकललं तर त्याच्या कडेला न दिसणारी चीर पडते. होज नवे टाकले. मायनरची रबरं आणि होज विलायतेतून अजून मागवता येतात. त्या गाडीवर तिकडं इतकं प्रेम आहे की परवाच्या गाड्यांपेक्षा तिचं सामान सहज मिळतं.

प्लेटा आपापल्या घरी गेल्या. होज सरळ, पीळ न पडता, आपसूक जागेवर बसले. मग खडू आणि कानस. लायनरचा उंच भाग घासायचा, ड्रम लावायचा, फिरवायचा, बघायचा. कंटाळवाणं काम आहे आणि यात चलाखी चालत नाही. खडू टोकापर्यंत पुसला जायला लागला तेव्हा थांबलो. भरून आलेल्या मागच्या लायनरनाही तेच केलं.

४.४०

ॲडजस्टमेंट. पुढच्या चाकाला दोन-दोन ॲडजस्टर, मागं एक-एक. ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून शू घट्ट टेकेपर्यंत फिरवायचा आणि एक दात मागं घ्यायचा. पुढं एकच ॲडजस्टर फिरवून दुसरा विसरणारे पुष्कळ आहेत.

मग हवा काढणं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं तोंड ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. पोरगं पेडलवर, मी खाली.

“दाब.” “दाबलं.” निपल ढिला. “धर.” निपल बंद. “सोड, सावकाश.”

पाय सावकाश चालला पाहिजे. धडाधड पंप केलं की बुडबुड्यांचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. मध्ये मध्ये गालिच्याखालची टाकी भरत राहायचं. ती रिकामी झाली की पहिल्यापासून. आधी तो कोऱ्या चहाचा रंग आला, मग फिका, मग नव्या ऑइलचा. सीलबंद डबा आज फोडला होता. उरलेलं ऑइल मी ठेवत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरलेली चालते, असं मानकच सांगतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफेवर पाय दिला की पेडल थेट फळीला टेकतं. पन्हाळ्याच्या उतारावर हे होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

५.४५

सर आले. गाडी शेंडा पार्ककडच्या मोकळ्या रस्त्याला नेली. नव्या लायनरची ड्रमशी ओळख व्हावी लागते. चाळीसच्या वेगावरून हलकेच कमी करायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालू द्यायचं, पुन्हा. ड्रमला हात जवळ नेऊन ऊब बघितली, चारही सारखे.

मग एकदा नीट ब्रेक मारला. गाडीनं नाक खाली घातलं आणि थांबली. सरांनी चष्मा आधीच हातात धरला होता.

रिव्हर्समध्ये घेऊन दाखवलं: आता मागं जाताना ब्रेक नरम. सर दचकले. त्यांना समजावलं की या गाडीला असंच असायला हवं. चढावर गाडी मागं घसरायला लागली तर पायाच्या ब्रेकबरोबर हँडब्रेक ओढायचा. कंपनीनं तो दोन्ही दिशांना धरेल असा त्यासाठीच दिलाय.

ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का तेही बघितलं. त्याचा स्विच ऑइलच्या नळीवर, दाबावर चालणारा असतो आणि नळ्यांचं काम झालं की तो दगा देतो. लागला.

६.४०

हिशेब. मजुरी, लेथ, लायनर, रबरं, ऑइल सील. बदललेला चांगला मास्टर सिलिंडर, त्याचे पैसे आधीच गेलेले. त्यावर मी बोललो नाही, सरही बोलले नाहीत. त्यांना एकच विचारायचं होतं, दसऱ्याला गाडी काढू का. काढा की. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, तुमची मॉरिस का नको? फक्त पहिले काही दिवस गावातच चालवा, मग ॲडजस्टमेंटला आणा. नवे लायनर बसतात तेव्हा पेडल थोडं खाली येतं. घाटात उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय नको. ड्रम तापून पसरला की शूपासून लांब जातो, आणि मग पेडल कितीही दाबा.

सरांना दुकानातनं आणलेली एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या पानावर आजची तारीख, काय काढलं, काय घातलं, प्लेटांवरच्या टिंबांची खूण, ऑइलची प्रत आणि दोन वर्षांनंतरचा ऑइल बदलायचा महिना लिहिला. किंगपिनचं काम कुठल्या साली झालं हे अशा एखाद्या वहीत असतं, तर पहिल्याच गॅरेजमध्ये निकाल लागला असता.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर अशी वही आजच घाला आणि गाडीत ठेवा. आणि ब्रेक नरम वाटले तर गॅरेजला नेण्याआधी मोकळ्या जागेत दोन गोष्टी करून बघा: पेडलवर मिनिटभर पाय रोवून धरा, आणि गाडी माणसाच्या चालीनं पुढं व मागं नेऊन थांबवा. काय झालं ते मिस्त्रीला सांगा. नुसतं “ब्रेक लागत नाहीत” सांगू नका.